नांदेडच्या विमानाचे वजन कोण ठरवते?

२७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेची पहिली विमाने सुटली. त्यांत सिमला-दिल्लीबरोबर नांदेड-हैदराबाद हा मार्गही होता. मात्र लहान शहरांच्या विमानसेवा सुरू होतात तशा बंदही पडतात. त्याचे एक कारण विमानाच्या आकारात आहे. १८० आसनांचे विमान रोज भरेल एवढे प्रवासी तिथे नसतात आणि सत्तरेक आसनांच्या टर्बोप्रॉपला लांबच्या पल्ल्याला फार वेळ लागतो. ही मधली जागा प्रादेशिक जेटची.

कोल्हापूरच्या घोडावत समूहाची ‘स्टार एअर’ हीच जागा भरते. २०१९ मध्ये तिने ५० आसनी विमानांनी सुरुवात केली, २०२३ पासून ७६ आसनी ई-१७५ आणले आणि पुढे नांदेडही जोडले. ही विमाने ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीची. ई-१७५ ज्या कुळातले, त्यातले पहिले विमान २००२ मध्ये उडाले. म्हणजे आराखडा दोन दशकांहून जुना.

कंपनीने २०१३ मध्ये ‘ई-२’ ही सुधारित पिढी जाहीर केली. तिचा गाभा इंजिनात आहे. जेटचा पुढचा पंखा मोठा असेल तर तो सावकाश फिरलेला बरा; मागच्या टर्बाइनला मात्र वेग हवा. जुन्या इंजिनात दोन्ही एकाच दांड्यावर असल्याने तडजोड करावी लागे. नव्या इंजिनात मध्ये गिअरबॉक्स आहे. वाळूजच्या कारखान्यात गिअर हाताळणाऱ्याला हे लगेच कळेल. इंधन वाचते, आवाजही घटतो. २०१८ मध्ये सेवेत आलेल्या ई-१९०-ई-२ ला दर आसनामागे सुमारे १७ टक्के कमी इंधन लागते.

पण या बचतीची किंमत वजनात मोजावी लागते. ई-१७५ च्या पंख्याचा व्यास सुमारे ११७ सेंमी आहे, नव्याचा १४२ सेंमी. इंजिन जड झाले, ते जमिनीला टेकू नये म्हणून चाकांचे पाय उंच केले, पंख लांबवले. जुने ई-१७५ सुमारे ३९ टनांच्या आत बसते. नवे ४४ टनांच्या पुढे गेले.

इथेच अडले. अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांचे त्यांच्या वैमानिक संघटनांशी करार आहेत. त्यांनुसार स्वस्तातल्या उपकंत्राटदाराने ७६ पेक्षा जास्त आसनांचे किंवा सुमारे ३९ टनांपेक्षा जड विमान चालवायचे नाही. मुख्य कंपनीतल्या नोकऱ्या टिकाव्यात हा त्यामागचा हेतू, आणि तो गैर म्हणता येत नाही. पण या आकाराच्या जेटचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिकाच. त्यामुळे डिसेंबर २०१९ मध्ये उडालेल्या ई-१७५-ई-२ चे काम २०२२ मध्ये थांबवले गेले, पुढे स्थगिती वाढली. ही अट सैल होईल या भरवशावर बेतलेले जपानच्या मित्सुबिशीचे जेटही २०२३ मध्ये रद्द झाले.

आपल्याकडे अशी अट नाही. तरी ७६ आसनांचे नवे, काटकसरी जेट आपल्याला मिळत नाही, कारण त्याचा कारखाना आपल्या मागणीवर चालत नाही. कानपूरला एचएएलने बांधलेल्या अॅव्रो विमानांचे उत्पादन १९८८ मध्ये संपले. ऑक्टोबर २०२५ मध्ये एचएएलने रशियाच्या एसजे-१०० साठी सामंजस्य करार केला. ते विमान साधारण शंभर आसनांचे आहे. ते बांधले गेले तरी नांदेड-कोल्हापूरच्या मापाचा प्रश्न शिल्लक राहतो. म्हणून देशी प्रादेशिक जेटची घोषणा होईल तेव्हा आसने किती, वजन किती आणि इंजिन कोणाचे, हे आपण आधी विचारले पाहिजे.