छोट्या ट्रॅक्टरसाठी आच्छादन पसरविणारे यंत्र : आराखड्यामागील हिशेब

शेतीकर्जाच्या प्रस्तावांत अलीकडे तयार अवजारांबरोबरच गावच्या वर्कशॉपमध्ये बनवून घ्यावयाच्या अवजारांची अंदाजपत्रकेही येऊ लागली आहेत. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर यांच्या किमती कंपनीच्या पत्रकातून पडताळता येतात. ‘पाचट पसरविण्याचे यंत्र, एक नग’ असे लिहिलेल्या कागदावर मात्र शाखाधिकाऱ्याने कशाच्या आधारे मत द्यावे ? यंत्रशास्त्र हा वाणिज्य शाखेच्या पदवीधराचा प्रांत नव्हे, हे मान्य. परंतु अशा यंत्राचा निम्मा आराखडा गुणाकार-भागाकारातच दडलेला असतो, आणि तो आपल्या सर्वांच्या आवाक्यातील आहे.

उदाहरण निफाड परिसरातील द्राक्षबागेचे घेऊ. तेथे ऊस आणि द्राक्ष दोन्ही पिके शेजारी-शेजारी आहेत. एका शेतात तोडणीनंतर पाचट पडून राहते, आणि पलीकडच्या बागेत एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जमीन उन्हात भाजत असते. वेलींच्या बुंध्याशी पाचटाचा थर दिला की बाष्पीभवन घटते, तण दबते, मातीचे तापमान आटोक्यात राहते आणि कालांतराने पाचट कुजून सेंद्रिय कर्बही मिळतो. पाचट पेटवून देण्यापेक्षा हा मार्ग सर्वथैव श्रेयस्कर होय. अडचण आहे ती मजुरांची. ऐन उन्हाळ्यात कोरड्या, अंगाला कापणाऱ्या पाचटाचे भारे ओळींतून वाहून नेण्यास माणसे मिळत नाहीत.

दोन ओळींतील अंतर ९ फूट, म्हणजे सुमारे २.७ मीटर धरल्यास एका एकरात ओळींची एकूण लांबी जवळजवळ १,४७५ मीटर भरते. वेलीखाली ६० सेंटिमीटर रुंद व १० सेंटिमीटर जाड थर द्यावयाचा तर एकरी साधारण ८८ घनमीटर पाचट लागेल. बारीक केलेल्या, सैल भरलेल्या कोरड्या पाचटाच्या एका घनमीटरचे वजन ६० किलो धरू. म्हणजे एकरी सव्वापाच टनांच्या आसपास. हेक्टरी ८ ते १० टन पाचट देणाऱ्या उसाचा विचार करता एका एकर बागेसाठी एका एकराहून अधिक उसाचे पाचट गोळा करावे लागेल, ही गोष्ट प्रस्तावात सहसा लिहिलेली नसते.

आता यंत्राकडे वळू. सर्वांच्या मनात प्रथम येते ती कल्पना अशी की ट्रॅक्टरच्या मागे तीन-बिंदू जोडणीवर एक मोठा पत्र्याचा डबा टांगावा, त्यात पाचट भरावे व खालून ते सोडावे. दिसावयास हे सुटसुटीत आहे. परंतु अशा डब्यात फार तर दीड घनमीटर माल मावेल. त्याचे वजन केवळ ९० किलो, म्हणजे ट्रॅक्टरच्या उचलशक्तीला काहीच नव्हे. पण तो अवघ्या २५ मीटरमध्ये संपेल. एका एकरासाठी ५९ वेळा डबा भरावा लागेल ! येथे वजनाची नव्हे, आकारमानाची मर्यादा आड येते. शेणखत किंवा दाणेदार खत पसरविण्याच्या यंत्रांची नक्कल करणारे कारागीर नेमके येथेच फसतात.

तेव्हा टांगलेला डबा सोडून ओढत न्यावयाची अरुंद ट्रॉली घ्यावयास हवी. द्राक्षाच्या दोन ओळींतून वेलींना धक्का न लावता जाण्यासाठी ती १.२ मीटर रुंद, १.५ मीटर उंच व २.४ मीटर लांब धरू. तिच्यात ४.३ घनमीटर, म्हणजे सुमारे २६० किलो पाचट मावते व ७२ मीटर ओळ झाकते. एकरी २१ खेपा होतात. हे जमण्यासारखे आहे.

ट्रॉलीच्या तळाशी दोन साखळ्यांवर आडव्या पट्ट्या बसवून सरकता तळ करावयाचा, मागे दातेरी रूळ फिरवून पाचट मोकळे करावयाचे व ते आडव्या पट्ट्यावरून बाजूच्या ओळीखाली टाकावयाचे, अशी ही रचना. पैकी तळाचा वेग ही खरी कसोटीची बाब आहे. थराचे आडवे क्षेत्रफळ ०.०६ चौरस मीटर व ट्रॉलीतील मालाचे १.८ चौरस मीटर, म्हणजे तीसपट. याचा अर्थ ट्रॉली ३० मीटर पुढे गेली की तळ १ मीटर मागे सरकला पाहिजे. ताशी २ किलोमीटर चालीला हा वेग मिनिटाला जेमतेम १.१ मीटर येतो.

ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. मिनिटाला ५४० फेरे फिरतो. १५ सेंटिमीटर व्यासाच्या दातेरी चक्राने तळ ओढावयाचा तर ते मिनिटाला अडीच फेऱ्यांहूनही कमी फिरावे लागेल. म्हणजेच वेग सव्वादोनशे पटींहून अधिक उतरवावयाचा. त्यासाठी महागडा गिअरबॉक्स आला. शिवाय चालकाने चाल बदलली की थर कमी-जास्त होणार तो निराळाच. याउलट तळाची गती ट्रॉलीच्या चाकापासूनच घेतली तर ? ६० सेंटिमीटर व्यासाचे चाक त्याच चालीला मिनिटाला सुमारे १८ फेरे घेते. केवळ साडेसातपट घट पुरे. ती १२ व ३६ आणि १२ व ३० दात्यांच्या दोन चक्रजोड्यांनी साधते. ट्रॅक्टर हळू जावो वा वेगाने, प्रत्येक मीटरला तितकेच पाचट पडते, आणि ट्रॅक्टर थांबला की तळही थांबतो. माझ्या मते ज्या आराखड्यात हा मार्ग स्वीकारला आहे, तो विचारपूर्वक केलेला समजावा. मोकळे करणारा रूळ व आडवा पट्टा यांना मात्र वेग हवा असल्याने ते पी.टी.ओ.वरच चालवावेत.

अखंड पाचट या रुळाभोवती दोरासारखे गुंडाळले जाते, म्हणून ते आधी कुट्टी करून घेणे इष्ट. तारेचा तुकडा पाचटात राहिला तर काय होते हे सांगण्याची आवश्यकता नाही.

हिशेबाची दुसरी बाजू वेळेची आहे. ७२ मीटर ओळ झाकण्यास दोन मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागतो. अर्थात एका एकरातील प्रत्यक्ष पसरविण्याचे काम पाऊण तासाचे. परंतु ट्रॉली हाताने भरण्यास प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे व ये-जा करण्यास तीन मिनिटे धरली तर तेच काम सात तासांवर जाते. ‘दिवसाला पाच एकर’ असा दावा करणाऱ्या प्रस्तावास म्हणूनच एवढेच विचारावे, की भरावयाचे कोणी व कसे ? बेलरने बांधलेल्या गासड्या वापरल्यास त्याच ट्रॉलीत दुप्पट माल मावून खेपा निम्म्यावर येऊ शकतात. मात्र मग रूळ अधिक भक्कम हवा, आणि तळाचा वेग निम्मा करण्यासाठी चक्रे बदलता आली पाहिजेत. पंजाबात भाताचे काड असेल, अन्यत्र भुसा किंवा झाडपाला. प्रत्येक मालाची घनता वेगळी, तेव्हा ही आकडेमोड प्रत्येक ठिकाणी नव्याने मांडावी लागेल. त्यासाठी एक रिकामी पेटी व वजनकाटा पुरेसा आहे.

सुरक्षिततेविषयी दोन शब्द. पी.टी.ओ.च्या फिरत्या दांड्यावर आवरण नसेल तर धोतर, पदर वा ओढणी अडकून क्षणार्धात अनर्थ होतो. मळणी यंत्रांवरील अपघातांमुळेच १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांविषयीचा केंद्रीय कायदा करावा लागला, हे येथे स्मरणात ठेवावे. आवरणाचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत दाखविलेला असावा. ‘नंतर बसवू’ म्हटलेले आवरण बहुधा बसत नाही. कोरडे पाचट आणि तापलेला सायलेन्सर यांची संगत लक्षात घेता अग्निशामक नळकांडेही हवे.

कर्जाच्या दृष्टीने एक बाब स्पष्ट करावीशी वाटते. २०१४-१५ पासूनच्या केंद्र पुरस्कृत यांत्रिकीकरण योजनेत अनुदानासाठी मान्यताप्राप्त केंद्राकडील चाचणीचा आधार लागतो. मध्य प्रदेशातील बुदनी येथील संस्था अशा चाचण्या करते. गावात बनविलेल्या एका नगास असा अहवाल नसतो. म्हणून परतफेडीचे कोष्टक मांडताना अनुदान शून्य धरावे. आच्छादनाचा हंगाम थोड्या आठवड्यांचा असल्याने हे यंत्र शेजाऱ्यांकडे भाड्याने चालविण्याची तयारी असेल तरच हप्ते सुलभ होतात.

उरलेल्या महिन्यांत हीच ट्रॉली शेणखतास वापरू, असे अर्जदार हमखास सांगतात. कल्पना चांगली आहे. पण ओलसर शेणखताचे घनमीटरचे वजन सहजच ६०० किलोपर्यंत जाते. काठोकाठ भरल्यास अडीच टन! २६० किलोंसाठी बनविलेला आस, साखळी व बेअरिंग हा भार पेलणार नाहीत. तेव्हा एक तर सांगाडा आरंभीच त्या मानाने करून घ्यावा व वाढीव खर्च प्रस्तावात दाखवावा, नाही तर ट्रॉलीच्या आतील बाजूस तळापासून सुमारे १५ सेंटिमीटर उंचीवर रंगाची ठळक रेघ ओढून खत तिच्यावर जाऊ देऊ नये.