वॉर्डात घडणारी पदवी

खुलताबादची मुलगी बारावीला बायोलॉजी घेते, ‘नीट’मध्ये थोडक्यात मागे पडते आणि मग घरात बी.एस्सी. नर्सिंगचा विषय निघतो. तोही जरा हळू आवाजात, डॉक्टरकी हुकली म्हणून. हा समज बदलायला हवा. ही स्वतंत्र शास्त्राची चार वर्षांची पदवी आहे. देशात ती १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला सुरू झाली. मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ चं. आज राज्यातली अशी बहुतेक कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत.

खुलताबादहून दौलताबादचा घाट उतरून सुमारे २५ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर. तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चं, आणि त्याचं रुग्णालय म्हणजे अख्ख्या मराठवाड्याची ‘घाटी’. शासकीय नर्सिंग कॉलेजही शहरात आहे. मोजक्या जागांची खासगी कॉलेजं वेगळी.

अभ्यासक्रम आता आठ सेमिस्टरचा. सुरुवातीला शरीररचना, शरीरक्रिया, पोषण आणि नर्सिंगची मूलतत्त्वं. लॅबमधल्या पुतळ्यावर हात बसला की वॉर्ड. चादरीला सुरकुती राहिली तर दिवसच्या दिवस पडून असलेल्या पेशंटला बेडसोअर होऊ शकतो, हे तिथे कळतं. पुढे मेडिकल-सर्जिकल, बालरोग, मानसिक आरोग्य, प्रसूती. शेवटचं सेमिस्टर इंटर्नशिपचं.

मला सर्वांत मोलाची वाटते ती कम्युनिटी पोस्टिंग. विद्यार्थिनी बॅग घेऊन घरोघर जाते. कुणाच्या घरात बॅग थेट जमिनीवर टेकवायची नाही. आधी वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर बॅग. पहिल्यांदा साबण आणि टॉवेल बाहेर काढायचा, हात धुवायचे, मगच आतल्या साहित्याला हात लावायचा. काम झालं की पुन्हा हात धुऊन, जमिनीला लागलेली बाजू आत घेऊन कागदाची घडी करायची. एका घरातला जंतू दुसऱ्या घरी जाऊ नये, यासाठी हा सगळा खटाटोप. ओसरीवर बसलेली बाळंतीण हे टक लावून बघत असते. हात धुण्यावर भाषण न देता तिला ते दिसतं.

या पदवीचा गावाशी आणखी एक धागा आहे. आरोग्य उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जातात, बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना ती वाट मोकळी आहे. रक्तदाब, मधुमेहाची तपासणी गावातच होते आणि साध्या गोळीसाठी म्हाताऱ्या माणसाला एसटीने शहर गाठावं लागत नाही. शिकलेली मुलगी तालुक्यातच राहून पदवीचं काम करू शकते, हे पालकांना कुणीतरी सांगायला हवं.

कॉलेज लहान असण्यात कमीपणा नाही. वर्ग छोटा असला तर ट्यूटरचं प्रत्येकीच्या हाताकडे लक्ष राहतं. पेशंट नसलेलं कॉलेज मात्र कामाचं नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत या पदवीसाठी किमान १०० खाटांचं पालक रुग्णालय धरलेलं आहे, ते याचसाठी.

तेव्हा प्रवेश घेण्याआधी इमारत, युनिफॉर्म आणि होस्टेल बघून भुलू नका. परिषदेची आणि विद्यापीठाची मान्यता यंदाची आहे का, ते कागदावर पाहा. मग सकाळच्या वेळी कॉलेजच्या रुग्णालयात जा आणि खाटांवर पेशंट आहेत का, तेवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.