तहकूब झालेली शस्त्रक्रिया

१९५४ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका तरुणाचे मूत्रपिंड त्याच्या एकसारख्या जुळ्या भावाच्या देहात बसविले आणि ते तेथे नांदले, याचे मुख्य कारण असे की, घेणाऱ्याच्या शरीराने त्या अवयवाला परका मानलेच नाही. त्यानंतर ज्यांना आईचे, पत्नीचे किंवा कोणा अनोळखी मेंदूमृत व्यक्तीचे मूत्रपिंड लाभले, त्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. मिळालेला अवयव टिकावा म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन यांसारख्या औषधांनी आपल्याच प्रतिकारशक्तीला त्यांना जन्मभर लगाम घालून ठेवावा लागतो. २०२० साली करोनाची महासाथ येऊन ठेपली, तेव्हा नेमक्या याच लगामाने त्यांना पेचात टाकले.

औषधे पूर्ववत ठेवावीत तर विषाणूला रान मोकळे, आणि कमी करावीत तर मोठ्या कष्टाने मिळालेले मूत्रपिंड शरीराने नाकारण्याची भीती, अशा स्थितीत डॉक्टरांनी बहुधा मायकोफेनोलेट थांबवून स्टेरॉइड चालू ठेवण्याचा मध्यममार्ग पत्करला आणि ते मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे सांगणाऱ्या रक्तातील क्रिएटिनिनच्या आकड्याकडे डोळे लावून बसले. भारतातील तेरा केंद्रांनी २०२० मध्ये बाधित झालेल्या अशा २५० रुग्णांची एकत्र नोंद केली, तीत मृत्यूचे प्रमाण ११.६ टक्के आढळले. लस आली तरी हा पेच सुटला नाही, कारण लसीलाही काम करून घ्यायचे असते ते त्याच दबलेल्या प्रतिकारशक्तीकडून. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना निरनिराळ्या अवयवांचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांपैकी पहिल्या मात्रेनंतर १७ टक्क्यांत आणि दुसरीनंतर ५४ टक्क्यांतच प्रतिपिंडे दिसली. म्हणूनच या रुग्णांना तिसरी मात्रा देण्याचा निर्णय अनेक देशांनी घेतला, आणि घरातील इतरांनी लस घेणे हाही रुग्णाच्याच संरक्षणाचा भाग ठरला.

परंतु ज्यांना मूत्रपिंड मिळायचेच होते, त्यांची कहाणी मला अधिक महत्त्वाची वाटते. आपल्या देशात बहुतांश प्रत्यारोपणे जिवंत नातेवाइकांच्या दानावर होतात, आणि टाळेबंदीच्या प्रारंभी ती 'नियोजित' म्हणून तूर्त तहकूब ठेवावीत असा सल्ला दिला गेला. धडधाकट दात्याला संसर्गाच्या ऐन भरात रुग्णालयात आणणे आणि नव्या अवयवासाठी सर्वाधिक औषधे चालू असलेल्या रुग्णाला त्याच इमारतीत ठेवणे धोक्याचे होते, हे नाकारता येणार नाही. मेंदूमृत दात्यांचे अवयव मिळण्याचा मार्गही आक्रसला. अतिदक्षता विभागातील खाटा आणि मनुष्यबळ करोनाकडे वळले, आणि विमाने, रस्ते बंद असल्यामुळे अवयव वेळेत पोचविण्याची तजवीज अवघड झाली. २०१९ साली देशात सर्व अवयवांची मिळून बारा हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली होती. २०२० साली ती साडेसात हजारांच्या आत आली.

तथापि ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, त्याच्या बाबतीत शस्त्रक्रिया पुढे ढकलणे म्हणजे त्याला सुरक्षित घरी बसविणे नव्हे. त्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास, इतर रुग्णांच्या शेजारच्या खाटेवर डायलिसिस घ्यावेच लागते. एस.टी. बंद आणि जिल्ह्याच्या सीमेवर बंदोबस्त अशा काळात खेड्यातल्या रुग्णाला तालुक्याच्या किंवा शहराच्या केंद्रापर्यंत पोचण्यासाठी परवाना आणि भाड्याचे वाहन दोन्ही जमवावे लागे, आणि पोचल्यावर अंगात ताप असेल तर आधी करोना चाचणीचा अहवाल दाखवावा लागे. खेप चुकली तर रक्तातील पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकते, फुप्फुसांत पाणी साचू शकते. तेव्हा अशा माणसाच्या शस्त्रक्रियेला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या रांगेत बसविणारे वर्गीकरण पहिल्या काही आठवड्यांपुरते क्षम्य मानले, तरी ते महिनोन्‌महिने चालविणे माझ्या मते अन्यायाचे होते.

सुदैवाने अनेक केंद्रांनी लवकरच निराळी वाट काढली. करोनाचे आणि प्रत्यारोपणाचे मजले, कर्मचारी व ये-जा वेगळी करण्यात आली; दाता आणि रुग्ण दोघांचीही शस्त्रक्रियेपूर्वी चाचणी होऊ लागली; आणि करोनातून पूर्ण बऱ्या झालेल्या दात्याचे मूत्रपिंड, लक्षणे गेल्यावर पुरेसा काळ लोटला असेल व चाचणीत विषाणू आढळला नसेल तर, घेता येते हेही भारतीय डॉक्टरांनी प्रत्यक्ष अनुभवाने दाखविले. २०२२ साली देशातील एकूण प्रत्यारोपणांचा आकडा पंधरा हजारांवर गेला, म्हणजे महासाथीपूर्वीच्या आकड्याच्याही पुढे.