खोटा नव्हे, चुकलेला रुपया

दादरच्या मंडईत आमच्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशी आहेत. गेल्या आषाढात त्यांच्याकडून मेथी घेतली, तेव्हा उरलेले सुटे देताना त्यांनी पिशवीच्या तळातून एक रुपया काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "सर, ह्यो रुपया कुणी घेईना. तिघांनी परत केला. तुम्ही शिकलेले, सांगा बरं, खोटा हाय का?"

मराठीच्या प्राध्यापकाला नाण्याची पारख विचारावी, हीच मोठी गंमत! त्याचा नाण्याशी संबंध 'बंदा रुपया' आणि 'आपलेच नाणे खोटे' एवढ्यापुरताच असायचा. पण मला लहानपणापासून चिल्लर चाळण्याची खोड आहे. घरात त्यासाठी बिस्किटांचा एक डबा राखलेला आहे. सौभाग्यवती दर दिवाळीच्या साफसफाईत तो टाकून देण्याची धमकी देतात.

मी रुपया उजेडात धरला. एका बाजूला चार सिंहांची मुद्रा जशी हवी तशी उठलेली. दुसऱ्या बाजूला किंमत आणि वर्ष असायला हवे. तर तिथेही तेच सिंह! मात्र आत खोल दबलेले आणि आरशात दिसावेत तसे उलटे. 'भारत' ही अक्षरेसुद्धा उलटी. वर्षाचा पत्ताच नाही. मावशींना बदली रुपया दिला आणि म्हणालो, "हा चार दिवस माझ्याजवळ राहू द्या. खोटा वाटत नाही. विचारून सांगतो."

ही करामत कशी होते, ते थोडे सांगायला हवे. टांकसाळीत धातूच्या लांब पट्टीतून आधी कोऱ्या चकत्या कापतात. मग खाली एक ठसा, वर एक ठसा आणि भोवती पोलादी कडे, अशा बेचक्यात चकती येते आणि एका दाबासरशी दोन्ही बाजू उमटतात. यंत्राचा वेग इतका, की तयार नाणे बाहेर पडून नवी चकती आत यायला निमिषही लागत नाही. एखादे वेळी तयार नाणे एका ठशाला चिकटून बसते. नवी चकती येते, तिची एक बाजू नीट उमटते. पण दुसऱ्या बाजूला ठशाऐवजी ते चिकटलेले नाणेच भेटते. मग त्याचे चित्र तिच्यावर उलटे आणि खोलगट उठते. आपल्याकडचे संग्राहक अशा नाण्याला 'लखी' म्हणतात. ते घरात असले की लक्ष्मी नांदते, अशी जुन्या लोकांची समजूत आहे.

बाकीच्या चुका याहून साध्या. चकती सरकलेली असली तर चित्र एका अंगाला जाते आणि दुसऱ्या अंगाला कोरी चंद्रकोर उरते. पट्टी पुरेशी पुढे न सरकता कापली गेली, तर कडेचा घास तोडल्यासारखा दिसतो. ठसा फिरला असेल तर ते घरबसल्या ओळखता येते. नाणे दोन बोटांत उभे धरून पान उलटावे तसे फिरवा. आपल्या नाण्यांत मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. ती तिरपी किंवा उलटी दिसली, तर ठसा फिरलेला. ठशाला तडा गेला असेल तर नाण्यावर केसासारखी उंच रेघ येते. पण अशा रेघांना बाजारात फारसे कोणी विचारत नाही.

सगळेच विचित्र दिसणारे नाणे चुकीचे नसते, हे मात्र ध्यानात ठेवावे. वर्षाखाली शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असेल तर नाणे मुंबईचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, वाटोळे टिंब असेल तर नोएडाचे. काहीच नसेल तर बहुधा कोलकात्याचे. दहा रुपयांच्या नाण्यावर दहा रेघा की पंधरा, यावरून दुकानांत भांडणे झाली. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले, की चौदाही प्रकार खरेच आहेत. १९११ साली तर याहून मोठा गोंधळ झाला होता. पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि असा ओरडा झाला, की सरकारने ते रुपये मागे घेतले. १९१२ च्या रुपयावर हत्तीला ठसठशीत सोंड आली. ही चूक कलावंताची. टांकसाळीने मात्र आपले काम चोख केले होते!

आता किमतीविषयी. नाणे जुने म्हणून त्याला भाव येतो, हा गोड गैरसमज आहे. चूक किती ठळक, नाणे किती कमी झिजलेले, आणि घेणारा कोणी आहे की नाही, यावर सगळे ठरते. सरकलेल्या छापात वर्ष आणि टांकसाळीची खूण शाबूत असेल तर भाव चढतो. आणि जिथे भाव आला तिथे लबाडी आलीच. दोन नाणी शेगड्यात आवळून घरगुती 'लखी' बनवणारे महाभाग आहेत. पण तसे केले की पाठची बाजू चेपते. खऱ्या 'लखी'ची पाठ खणखणीत असते. दहाच्या नाण्याचा मधला भाग ठोकून काढून फिरवून बसवतात. तिथे सांध्याकडे पाहावे. कडी आणि मधला भाग एकाच दाबाखाली छापले जातात, त्यामुळे ठोकाठोकीचे ओरखडे लपत नाहीत.

आमच्याच इमारतीतल्या एका निवृत्त गृहस्थांचे ऐका. त्यांच्याजवळ २०१२ सालचे वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे होते. फोनवर कोणीतरी दहा लाख देऊ केले. आधी नोंदणीचे पैसे, मग कराचे, मग पुन्हा कशाचे तरी, असे करता करता चौदा हजार गेले. नाणे अजून त्यांच्या देवघरात आहे. त्यात छपाईची चूक नावालासुद्धा नाही. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजीच बजावले होते, की आपल्या नावाने कोणी नाण्यांसाठी शुल्क मागितले तर देऊ नये. ते गृहस्थ हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले आहेत. आता जिन्यात भेटले की पावसापाण्याच्या गप्पा काढतात.

मावशींचा रुपया घेऊन मी फोर्टातल्या एका जुन्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने भिंगातून पाहिले, तराजूवर ठेवले. १९९२ साली आलेल्या पोलादी रुपयाचे वजन ४.८५ ग्रॅम, काटा तिथेच थांबला. "साहेब, अस्सल. बाराशे देतो."

खरे सांगतो, क्षणभर मनात आले, रुपयाला रुपया तर दिलाच आहे! बिस्किटांच्या डब्यात असे एकही नाणे नव्हते. दादर येईपर्यंत गाडीत मी खिशात तेच नाणे चाचपत होतो. फलाटावरून घरची वाट न धरता मंडईत शिरलो आणि मावशींना सगळे सांगून टाकले.

त्यांनी पदराला हात पुसले. "म्हंजी खोटा न्हवता ना?"

"नाही. टांकसाळीत चुकलेला आहे."

"आन् बाराशे म्हनतोय?" मावशींनी समोरच्या गिऱ्हाइकाला थांबायची खूण केली. "सर, त्याला दोन हजार सांगा. सोळाशेच्या खाली उतरू नका."

सौदा साडेसोळाशेवर तुटला. मावशींनी नोटा दोनदा मोजल्या, माझा बदली दिलेला रुपया आठवणीने परत केला आणि मेथीच्या दोन जुड्या माझ्या पिशवीत कोंबल्या.