सभेच्या दाराबाहेर कोण?
श्रीलंकेतील गावसभांची आणि जिल्ह्यांची कहाणी

श्रीलंका म्हटले की आपल्या घरातल्या लहान मुलालाही अनुराधापूरचा बोधिवृक्ष आठवतो. सम्राट अशोकाचा पुत्र महिंद आणि कन्या संघमित्रा यांनी त्या बेटावर धम्म नेला, ही कथा आपण वर्षावासात भन्तेजींच्या तोंडून ऐकतो. परंतु त्याच बेटावर गावचा रस्ता कोण करतो, विहीर कोण बांधतो, कचरा कोण उचलतो आणि हे सारे ठरवणाऱ्या सभेत कोणाला बसू देतात, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. वाचकहो, ज्यांची वस्ती गावाने पिढ्यानपिढ्या वेशीबाहेर ठेवली, त्यांनी तरी हा प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे.

पहिल्या नगराची नोंद

'महावंस' हा लंकेचा प्राचीन पाली इतिहासग्रंथ. त्यात पंडुकाभय राजाने अनुराधापूर नगर कसे वसवले याचे वर्णन आहे. हा राजा देवानंपिय तिस्साचा आजोबा, म्हणजे महिंद थेर लंकेत येण्यापूर्वीचा. त्याने नगरावर 'नगरगुत्तिक' म्हणजे नगररक्षक नेमला. तलाव खोदले, दरवाजे बांधले. आणि त्याच वर्णनात पुढे येते की रस्ते झाडण्यासाठी ५०० चांडाळ, गटारे साफ करण्यासाठी २००, प्रेते वाहण्यासाठी १५० आणि स्मशान राखण्यासाठी १५० चांडाळ नेमले. त्यांच्यासाठी वेगळे गाव वसवले. कोठे? स्मशानाच्या पलीकडे, वायव्येला!

धम्म त्या बेटावर पोहोचण्याआधीची ही गोष्ट म्हणून सांगितली आहे. नगराचा कारभार सुरू झाला त्याच दिवशी नगर स्वच्छ ठेवणाऱ्याला नगराबाहेर घर मिळाले. ज्यांच्या घरातले कोणी आजही पहाटे झाडू घेऊन महापालिकेच्या हजेरीला जाते, त्यांना ही नोंद परकी वाटणार नाही.

पाच प्रांत, नऊ प्रांत, पंचवीस जिल्हे

पुढे बेटावर पोर्तुगीज आले, डच आले, मग इंग्रज आले. १८१५ साली कँडीचे राज्य पडले आणि सारे बेट इंग्रजांच्या हाती गेले. सुरुवातीला किनाऱ्याचा मुलूख आणि कँडीचा डोंगरी मुलूख यांचा कारभार वेगवेगळा चाले. १८३३ मध्ये कोलब्रुक-कॅमेरॉन यांच्या शिफारशीवरून दोन्ही एक केले आणि बेटाचे पाच प्रांत पाडले : उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम आणि मध्य. नंतर त्यांतूनच आणखी चार निघाले आणि १८८९ पर्यंत नऊ प्रांत झाले. आज जिल्हे पंचवीस आहेत. त्यांतला किलिनोच्ची हा सर्वांत शेवटचा, १९८४ चा.

प्रांतावर गव्हर्नमेंट एजंट असे, आपल्याकडच्या कलेक्टरसारखा. त्याच्या हाताखाली मुदलियार, रटेमहत्तया आणि तळाला गावचा मुखिया. मुखिया सहसा वरच्या मानल्या गेलेल्या गोविगम जातीचा. कारभार एजंटाच्या नावाचा, पण गावात हुकूम जातीचा! मुखियाची ही पद्धत १९६३ साली बंद झाली. तिच्या जागी परीक्षा देऊन नेमलेला सरकारी नोकर आला. त्याला आज 'ग्राम निलधारी' म्हणतात, आणि त्यांचे विभाग चौदा हजारांवर आहेत.

नकाशावर रेघा ओढणे सोपे असते. त्या रेघेच्या आत राहणारा माणूस मोजायचा की नाही, हे ठरवताना खरी कसोटी लागते.

गावसभा कोणाची?

सिंहली खेड्यात 'गमसभाव' नावाची जुनी रीत होती. गावचे वडीलधारे जमत, तलावाचे पाणी कोणाच्या शेताला कधी सोडायचे ते ठरवत, भांडणे मिटवत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने तिला नवे रूप दिले. शहरांसाठी १८६५ चा म्युनिसिपल कायदा झाला होता. त्यानुसार कोलंबो, कँडी आणि गॉल येथे नगरपरिषदा आल्या. मत मात्र मालमत्तेवाल्याला.

मग एक मोठी गोष्ट घडली. डोनोमोर कमिशनच्या शिफारशीनंतर १९३१ साली लंकेत सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांच्या मतांवर निवडणूक झाली. आशिया खंडात तेव्हा हे नवल होते. आपल्याकडे बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे हीच मागणी केली होती. ती पुरी व्हायला त्यांनाच संविधान लिहावे लागले!

परंतु लंकेतला तो उजेड सगळ्यांच्या घरात गेला नाही. डोंगरातल्या कॉफीच्या आणि नंतर चहाच्या मळ्यांवर इंग्रजांनी तामिळनाडूतून मजूर नेले होते. त्यांतले बरेचसे परैयर, पल्लर, चक्कीलियर अशा अस्पृश्य गणलेल्या समाजांतले. उपाशी मरण्यापेक्षा समुद्र ओलांडलेला बरा, म्हणून निघालेली ही माणसे. त्यांची राहण्याची जागा म्हणजे 'लाइन'. दहा बाय बारा फुटांची एक खोली, तिला लागून दुसरी, तिसरी, अशी रांग. मुंबईच्या चाळीत वाढलेल्याला हे माप समजावून सांगायला नको.

राज्याच्या निवडणुकीत या मजुरांतल्या काहींना, कायमचे रहिवासी असल्याचे सिद्ध केल्यावर, मत मिळाले. गावसमितीत मात्र नाही. १९३७ साली गावसमितीचा मताधिकार वाढवण्याचा विषय निघाला तेव्हा भारतीय मळामजुराला वगळण्याचे ठरले. त्यावर ओरड झाली. मग कायद्याचे शब्द बदलले : मळ्यात राहणारा कोणताही मजूर मतदार नाही! शब्द सर्वांना सारखे, घाव मात्र एकाच पाठीवर. कायद्यात कोणाची जात न लिहिताही कोणाला बाहेर ठेवता येते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक?

बाबासाहेब हा डाव ओळखून होते. १९३२ साली मुंबईच्या कायदेमंडळात ग्रामपंचायतीचे बिल आले, तेव्हा दलितांसाठी राखीव जागा नसतील तर अशी पंचायत आपल्याला मान्य नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. त्यांचा विरोध पंचायत या नावाला नव्हता. ज्या पंचायतीत आपला माणूस नाही, तिच्या हाती आपले पाणी आणि आपली वाट सोपवायला त्यांचा विरोध होता.

टाऊन हॉलमधले बाबासाहेब

मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब माईसाहेबांसह लंकेला गेले. परिषद कँडीला होती. बौद्ध देशात धम्म प्रत्यक्ष कसा जगला जातो हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. या मुक्कामात कोलंबोच्या टाऊन हॉलमध्येही त्यांचे भाषण झाले. तेथील अस्पृश्यांनी बौद्ध धम्म स्वीकारावा, असे आवाहन त्यांनी केले. आणि लंकेच्या बौद्धांनाही सांगितले की या माणसांना आपले म्हणा, वडीलकीच्या मायेने त्यांचे हित पाहा.

बौद्धांच्या देशात बौद्धांना असे सांगण्याची वेळ का यावी? कारण जात तेथेही होती. भिक्षुसंघातही तिचा शिरकाव झाला होता. सियाम निकायात उपसंपदा फक्त गोविगमांना मिळे, म्हणून इतर जातींच्या भिक्षूंनी ब्रह्मदेशात जाऊन दीक्षा घेतली आणि १८०३ साली अमरपूर निकाय उभा केला. तथागतांनी जे दार सताड उघडले, ते माणसांनी पुन्हा लोटून घेतले होते. बाबासाहेबांनी हे पाहिले, आणि तरी धम्म सोडला नाही. दार उघडे ठेवण्याची जबाबदारी आपली आहे, हे ते जाणत होते.

मत गेले, देश गेला

बाबासाहेब लंकेत होते त्याच सुमारास मळ्यातल्या लाखो माणसांच्या पायाखालची जमीन सरकली होती. १९४८ साली लंका स्वतंत्र झाली आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने मळामजुरांतले बहुतेक जण परके ठरले. बाप-आजोबांच्या जन्माचे कागद मागितले. लाइनीत जन्मलेल्या बापाचा दाखला कोणी ठेवला होता? १९४९ मध्ये त्यांचे मतही गेले.

१९६४ साली लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो भंडारनायके यांच्यात करार झाला. पावणेदहा लाख माणसांची वाटणी झाली : सव्वापाच लाख भारताला, तीन लाख लंकेला, दीड लाखांचे नंतर पाहू! ते 'नंतर' १९७४ मध्ये आले आणि दीड लाखांचे निम्मे-निम्मे झाले. जमिनीची वाटणी करतात तशी माणसांची केली. ती माणसे कोठे राहू इच्छितात, हे त्यांना कोण विचारणार? बरीच कुटुंबे भारतात आली आणि निलगिरीच्या चहामळ्यांत पुन्हा पाने खुडू लागली. जी तेथे राहिली, त्यांतल्या शेवटच्या माणसांना नागरिकत्व मिळण्यासाठी २००३ चा कायदा व्हावा लागला. पंचावन्न वर्षे!

तेहतीसावे कलम

आता दुःख संपले असेल, असे वाटते ना? ऐका.

गावपरिषदा मोडून १९८१ मध्ये जिल्हा विकास परिषदा आणल्या होत्या. त्या निवडणुकीच्या धामधुमीत जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले. नगरपरिषदेच्या त्या ग्रंथालयात सुमारे ९७ हजार ग्रंथ होते. लोकांची सभा निवडायची ती ज्ञानाची राख करून! त्या जिल्हा परिषदाही फार काळ चालल्या नाहीत. १९८७ च्या कायद्याने 'प्रादेशिक सभा' आल्या. आपल्या पंचायत समितीएवढा मुलूख धरा. रस्ते, विहिरी, दिवे, बाजार, वाचनालय ही तिची कामे.

मळ्यातले मजूर हळूहळू नागरिक झाले, या सभांसाठी मत देऊ लागले, त्यांच्यातले सभासदही निवडून येऊ लागले. परंतु कायद्याचे ३३ वे कलम आडवे आले. मळ्याची हद्द ही मळ्याच्या व्यवस्थापनाची. तेथे सभेचा पैसा खर्च करण्याची मोकळीक नव्हती. म्हणजे सभासद निवडायचा लाइनीतल्या मायबहिणींनी, आणि त्याने रस्ता बांधायचा तो मळ्याच्या फाटकापर्यंत. पुढे चिखल. बाळंतीण बाईला त्या चिखलातून खाली आणायचे ते माणसांच्या खांद्यावरून.

हे कलम बदलले २०१८ साली. मळ्याच्या व्यवस्थापनाशी विचारविनिमय करून सभेने तेथे रस्ते, विहिरी व इतर सोयी कराव्यात, अशी वाट मोकळी झाली. त्याच सुमारास नुवारा एलिया जिल्ह्यातील दोन अवाढव्य प्रादेशिक सभांच्या सहा सभा केल्या, म्हणून मस्केलिया, नॉरवूड, कोटगला, अगरपतना येथे आता स्वतःची सभा आहे. आणि स्त्रियांसाठी २५ टक्के जागा ठेवण्याचा नियमही त्याच वर्षीच्या निवडणुकीत प्रथम लागू झाला. त्याआधी शंभर सभासदांत जेमतेम दोन स्त्रिया असत. जातीसाठी मात्र राखीव जागा नाहीत. तेथे जातीचे नाव काढायलाच लोक कचरतात. आपल्याकडे १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने दलितांना आणि स्त्रियांना पंचायतीत जागा मिळाल्या, त्याचे मोल अशा वेळी कळते.

सभाच नसेल तर?

दार उघडले तरी आत सभाच नसेल तर काय? मार्च २०२३ मध्ये लंकेतल्या या सभांची मुदत संपली. देश कर्जात बुडालेला. निवडणुकीला पैसे नाहीत म्हणून मतदान झाले नाही आणि सारा कारभार अधिकाऱ्यांच्या हाती गेला. लोक न्यायालयात गेले. निवडणूक न घेणे हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले. अखेर ६ मे २०२५ रोजी मतदान झाले. आपण तरी कोणत्या तोंडाने हसावे? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकच बसला होता. नगरसेवकच नव्हता, मग वस्तीतला तुंबलेला नाला कोणाला दाखवायचा होता?

तथागतांनी वज्जींच्या उन्नतीची कारणे सांगितली, त्यांतले पहिले हेच होते की ते वारंवार सभा भरवतात, आणि दुसरे हे की ते एकदिलाने जमतात व एकदिलाने उठतात. अडीच हजार वर्षांनंतरही यात खोडण्यासारखे काही नाही. मात्र एक प्रश्न आपण त्याला जोडून विचारला पाहिजे : जमले ते कोण, आणि दाराबाहेर राहिले ते कोण?

म्हणून बंधू-भगिनींनो, गावच्या ग्रामसभेचा दिवस खाडा धरूनही चुकवू नका. वस्तीच्या नावाने मंजूर झालेला पैसा कोठे खर्च झाला, ते उभे राहून विचारा. मायबहिणींनो, राखीव जागेवर तुम्ही निवडून आलात तर खुर्चीवर तुम्हीच बसा, नवऱ्याला बसू देऊ नका. आणि मुलांना अनुराधापूरचा बोधिवृक्ष सांगाल तेव्हा हॅटनच्या डोंगरातल्या त्या लाइनीही सांगा. तेथल्या माणसांना फाटकापुढचा रस्ता मागण्याचा हक्क मिळवायला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. आपल्याला तो हक्क बाबासाहेबांनी संविधानात लिहून दिला आहे. वापरला नाही तर तोही कागदावरच राहील.

जय भीम!