अष्टमी : कुंडलिकेकाठचा मुक्काम

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी. रेल्वेच्या वेळापत्रकात, एसटीच्या पाटीवर आणि तालुक्याच्या नावात रोह्यानेच जागा पटकावली आहे. अष्टमीला तिचा मान मिळतो तो नगरपरिषदेच्या नावात, रोहा-अष्टमी अशा जोडीने. एकेकाळी मात्र मुंबईहून रायगडाकडे निघालेल्या माणसाला या दोन्हींपैकी अष्टमीचं नाव आधी लिहून ठेवावंसं वाटलं होतं. गोष्ट 1674 सालची, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वर्षाची आहे.

गावाचं महत्त्व समजायचं तर आधी नदी समजून घ्यावी लागते. कुंडलिका सह्याद्रीत उगम पावते, भिऱ्याजवळून खाली येते, कोलाडला वळसे घेते आणि रोहा-अष्टमीच्या मधून वाहत रेवदंडा आणि कोर्लईच्या मध्ये समुद्राला मिळते. तिच्या खालच्या भागाला रोह्याची खाडीच म्हणतात. भरतीचं पाणी खाडीतून वर चढतं आणि त्या पाण्यावर तरंगत गलबतं नि मचवे इथवर येत. इथून पुढे घाटाच्या पायथ्याकडचा रस्ता पायी, बैलाच्या पाठीवर किंवा पालखीतून कापायचा. जलमार्ग जिथे संपतो आणि खुष्कीचा मार्ग जिथे सुरू होतो तिथे ओझी उतरतात, हमाल-भोई ठरतात आणि माणसं रात्र काढतात. अष्टमी अशा सांध्यावरचं गाव आहे.

या सांध्यावर नजर ठेवायला किल्लेही होते. रोह्याजवळचा अवचितगड, खाडीच्या वाटेवरचा बिरवाडी, दक्षिणेला घोसाळगड आणि तळगड, आणि खाडीच्या तोंडाशी कोर्लईचा पोर्तुगीज किल्ला. एवढी मोठी राखण एखाद्या ओढ्याची कुणी करत नाही. खालच्या अंगाला चौलचं जुनं बंदर, वरच्या अंगाला देशावर चढणाऱ्या घाटवाटा आणि मधल्या पट्ट्यात भाताची खाचरं. हा सगळा माल ज्या वाटेने हलायचा तिच्यासाठी हे पहारे होते.

हेन्री ऑक्झिंडेनचा प्रवास

1674 च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन दोन सहकाऱ्यांसह मुंबईहून निघाला. राजापूरची वखार 1661 मध्ये लुटली गेली होती. तिची भरपाई मिळवणं आणि स्वराज्यात व्यापाराच्या सवलती मागणं हे त्याचं काम होतं. दुभाषा होता नारायण शेणवी.

समुद्रमार्गे ही मंडळी चौलला पोचली तेव्हा पोर्तुगिजांच्या शहराचे दरवाजे रात्रीसाठी बंद झाले होते. मराठ्यांच्या धाकाने तिथे कडक पहारा असे. शेवटी तटाबाहेरच्या सेंट सेबॅस्टियनच्या चर्चमध्ये त्यांनी पथारी टाकली. दुसऱ्या दिवशी वरच्या चौलला शिवाजी महाराजांच्या सुभेदाराची भेट झाली. तिथून नावेने खाडी चढून ते अष्टमीला आले आणि अष्टमीहून जमिनीच्या वाटेने निजामपूर करत पाचाडला पोचले. महाराज तेव्हा प्रतापगडाच्या भवानीच्या दर्शनाला गेले होते, त्यामुळे पाचाडला त्यांना थांबावं लागलं. पुढे गडावर राहायला घर मिळालं, 6 जूनचा राज्याभिषेक त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि तहाची कलमं पदरात पाडून घेऊन ते पावसात परतले.

या प्रवासाचा वृत्तांत जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरच्या 1698 मध्ये छापलेल्या ग्रंथात आला आहे. राजकारणासाठी तो अनेकदा वाचला गेला. पण प्रवासी म्हणून वाचला की वेगळीच गोष्ट लक्षात येते. मुंबई ते रायगड या अख्ख्या वाटेवर पैसे टाकून खोली, गरम जेवण आणि ताजी भाकरी मिळेल असं एकही ठिकाण त्यांना लागत नाही. कुठे चर्च, कुठे राहुटी, कुठे सरकारातून मिळालेलं घर. रायगडावर त्यांच्यासाठी रोज खिचडी येई. डाळ-तांदूळ एकत्र शिजवून वर लोणी. इंग्रजांना ती काही मानवेना. त्यांनी मांस मागितलं आणि रोज बोकडाचं मटण मिळण्याची सोय झाली. ते पुरवणारा म्हातारा खाटीक या गिऱ्हाइकांना एकदा बघावं म्हणून गड चढून आला. इतक्या वर्षांत झाली नव्हती एवढी विक्री या मूठभर परदेशी माणसांनी महिनाभरात करून दिली होती!

तिकडे पाटी, इकडे चूल

ऑक्झिंडेनच्या मायदेशी किंवा जर्मनीत हाच प्रवास वेगळा झाला असता. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या जर्मन गावात शिरलं की रस्त्यावर लोखंडी कमानीला टांगलेली खानावळीची पाटी दिसे. दक्षिण जर्मनीत पाव भाजणारा भटारी आणि पथिकाला ठेवून घेणारा यजमान ही पुष्कळदा एकच व्यक्ती असे. भट्टी पहाटेपासून तापलेली, पाव हाताशी, मग वाइन किंवा बिअर विकायचा परवाना काढला की घराची खानावळ झाली. भट्टी आणि बिअर यांची भाऊबंदकीही जुनीच. पिठाला लागणारं खमीर मद्य गाळणाऱ्याकडून येई आणि धान्यावर मात्र दोघांचाही डोळा. बव्हेरियाच्या 1516 च्या प्रसिद्ध फर्मानाने बिअर जव, हॉप आणि पाणी एवढ्यातच करायची असं ठरवलं. त्यामागे गहू-राय पावासाठी राखून ठेवण्याचाही हेतू होता, असं सांगितलं जातं.

अशा यजमान-भटाऱ्याचं आयुष्य सुखाचं होतं असं नाही. पावाचा दर आणि वजन नगरसभा ठरवून देई. धान्य महागलं की दर तोच ठेवून पाव लहान करायचा, हा नियम. त्याहून लहान केला तर शिक्षा. जर्मन भाषक मुलखातल्या काही शहरांत वजनात मारणाऱ्या भटाऱ्याला पिंजऱ्यात घालून चारचौघांत नदीत बुचकळत. गिऱ्हाइकांची तोंडं वेगळीच. विद्वान इरॅस्मसने 1523 मध्ये खानावळींवर एक खोचक संवाद लिहिला. एकाच तापलेल्या खोलीत ऐंशी-नव्वद माणसं, तिथेच कुणी बूट काढतंय, कुणी केस विंचरतंय आणि शेवटचा पाहुणा येईपर्यंत कुणालाच जेवण नाही, अशी त्याची तक्रार. अर्धशतकाने त्याच वाटांनी गेलेल्या माँतेन या फ्रेंच लेखकाला मात्र तिथलं खाणं आणि शेगडीची ऊब दोन्ही पसंत पडली.

कोकणात हा धंदा का उभा राहिला नाही? कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. कुणाच्या हातचं शिजलेलं खायचं याचे नियम जातीने बांधलेले होते. अनोळखी माणसाने रांधलेला भात विकत घेऊन खाणं बहुतेकांना मंजूरच नव्हतं. त्यामुळे जर्मन यजमान एकटा जे काम करी त्याचे इथे तुकडे पडले. वाण्याकडून शिधा घ्यायचा, छप्पर देवळाचं, चावडीचं, मशिदीच्या ओट्याचं नाहीतर धर्मशाळेचं, पाणी विहिरीचं किंवा नदीचं आणि चूल आपली आपण मांडायची. श्रीमंताबरोबर आचारी, गरिबाबरोबर फडक्यात बांधलेली भाकरी.

या व्यवस्थेत गुण होता तसा दोषही होता. गरीब वाटसरूला फुकट निवारा मिळे, पण त्या निवाऱ्यात सगळ्यांना समान जागा नव्हती. ज्यांना देवळाच्या पायरीवर किंवा विहिरीवर येऊ दिलं जात नसे त्यांना अष्टमीसारख्या मुक्कामातही गावाबाहेरचं झाड गाठावं लागे. धर्मशाळेच्या आठवणी काढताना हे विसरून चालणार नाही. पैसे घेणारा खानावळवाला निदान गिऱ्हाइकाची थैली पाहतो.

याच परिसराने मराठीला तिचं सर्वांत गाजलेलं प्रवासवर्णनही दिलं. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' 1907 मध्ये छापून आला. झाशीच्या राणीसाठी तो वाचला जातो, पण त्यात धर्मशाळा, शिधा आणि वाटेवरच्या चुली यांचा हाच जुना रिवाज भेटतो.

पाव उशिरा आला

रोहा-अष्टमीचा मुलूख भाताचा. तांदूळ हे इथल्या बाजाराचं मुख्य धान्य आणि रोह्याहून मुंबईला जाणाऱ्या तांदळाचा व्यापार एकोणिसाव्या शतकात नावाजलेला होता. म्हणजे घरात तांदळाची भाकरी, पेज, पोहे. आंबवून भट्टीत फुगवलेला पाव या खाद्यजीवनात नव्हताच.

याचा एक सुंदर पुरावा बेने इस्राएल समाजाच्या चालीरीतींत सापडतो. कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या गावोगाव पसरलेले हे मराठी ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी ते बंद ठेवायचे, म्हणून 'शनिवार तेली'. रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावं या दोन गावांवरूनच आलेली. जगभरचे ज्यू वल्हांडणाच्या सणाला घरातून खमिराचा पाव काढून टाकतात. कोकणातल्या ज्यूंच्या घरात टाकायला पावच नव्हता! मग त्यांनी त्या दिवसांत आंबट तोंडीलावण्याचं भांडं झाकून ठेवण्याची प्रथा पाडली, असं हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाच्या इतिहासात नोंदवलं आहे. शतकानुशतकं आपला धर्म धरून राहिलेल्या समाजाने परक्या मुलखाच्या स्वयंपाकघराशी केलेली ही तडजोड मोठी बोलकी आहे.

खाडीच्या तोंडाशी, रेवदंड्याच्या तटात, पोर्तुगीज दोनशे वर्षांहून जास्त काळ राहिले. 1740 मध्ये हा भाग मराठ्यांकडे आला. कोर्लईत पोर्तुगीज वळणाची बोली अजून बोलली जाते. पाश्चात्त्य पद्धतीचा पाव पश्चिम किनाऱ्यावर रुजला तो पोर्तुगिजांमुळे. गोव्यात तो माडाच्या सुरेवर फुगवला जाई आणि तिथल्या पोदेरांची, म्हणजे पाव भाजणाऱ्यांची, कला पुढे मुंबईत गेली. मुंबईत इराण्यांच्या भट्ट्यांनी त्याला कामगाराच्या चहाशेजारी बसवलं. रायगड जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत पाव सर्रास झाला तो मुंबईला नोकरीला गेलेल्या माणसांच्या सवयीतून. जो पदार्थ खाडीच्या तोंडाशी काही शतकांपूर्वीच पोचला होता तो खाडी चढून वर यायला मुंबईला वळसा घालून आला, असं म्हणायला हरकत नाही. आता तालुक्याच्या कोणत्याही गावात सायकलवरचा पाववाला, बेकरीतली खारी-बटर आणि स्टँडजवळची मिसळ यांत कुणाला काही नवल वाटत नाही. शिजलेलं अन्न विकत घ्यायला आता बहुतेकांची जात आड येत नाही, या बदलाला भट्टीने आणि हॉटेलच्या बाकड्यानेही हातभार लावला. त्याचं श्रेय आपण क्वचितच देतो.

आजची अष्टमी

गलबतांचा जमाना सरला. दिवा-पनवेल मार्ग 1986 मध्ये रोह्यापर्यंत आला आणि कोकण रेल्वेची सुरुवात इथूनच झाली. 26 जानेवारी 1998 रोजी तो संपूर्ण मार्ग सुरू झाला आणि कोकणात जाणारी माणसं खिडकीतूनच हे गाव पाहू लागली. धाटावच्या औद्योगिक वसाहतीने रोजगार आणला, त्याबरोबर नदीच्या पाण्याची काळजीही आणली. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणारं मुळशीचं पाणी कुंडलिकेला उन्हाळ्यातही वाहतं ठेवतं आणि कोलाडला त्यावर तरंगायला शनिवार-रविवारी शहरातली तरुण मंडळी गर्दी करतात. त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं की याच नदीच्या खालच्या अंगाला स्वराज्याच्या राजधानीचं एक दार होतं.

रोह्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे. पोलिसांची सलामी घेणारी धावीर महाराजांची पालखी, पांडुरंगशास्त्री आठवल्यांचं जन्मगाव, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं घर. अष्टमीकडे मुक्कामाचा वारसा आहे. तो दगडी वास्तूत दिसत नाही म्हणून त्याची किंमत कमी ठरत नाही.

जर्मनीतली गावं आपल्या जुन्या खानावळी जपतात, त्यांच्या पाट्या घासूनपुसून लावतात आणि त्यावर पर्यटन चालवतात. आपल्याकडे पाटी नव्हती, पण वाट होती. रेवदंडा, अष्टमी, निजामपूर, पाचाड, रायगड ही वाट आजही नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. राज्याभिषेकाची साडेतीनशे वर्षं 2024 मध्ये पूर्ण झाली. त्या निमित्ताने गडावर जेवढं लक्ष गेलं त्याच्या शतांशाने तरी या वाटेवर जायला हवं. नगरपरिषदेने नदीकाठी 1674 च्या प्रवासाचा नकाशा आणि चार ओळींची माहिती मराठीत लावावी, शाळांच्या सहली रायगडाला नेताना एक थांबा अष्टमीला द्यावा. खर्च फार नाही.

आणि वाचकांसाठी एवढंच, की रायगडाला जायचं ठरलं तर एकदा तरी दिवा-रोहा गाडीने या, पूल ओलांडून दोन्ही तीर पाहा, गावात चहा-पाव घ्या आणि मग गडाची वाट धरा. पावसाळा ओसरल्यावर, भात पिवळं पडायच्या सुमारास आलात तर उत्तम.