ऑनबोर्ड कॉम्प्रेसर ऐन वेळी बंद? मोटर बदलण्याआधी वायरिंगमधल्या ‘या’ ५ जागा तपासा

फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज लावणे हा सर्वात महागात पडणारा उपाय. साध्या मल्टिमीटरने बिघाड कसा शोधायचा? समजून घ्या

बुलढाणा : घाटाखाली संग्रामपूर, जळगाव जामोदकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडी वाटा आणि पूर्णेच्या खोऱ्यातली चिकट काळी माती, घाटावर अजिंठ्याच्या डोंगररांगा. बुलढाणा जिल्ह्यात फोर बाय फोर गाडी चालवणाऱ्यांना हे सगळे एकाच दिवसात भेटते. अशा वाटांवर पकड वाढावी म्हणून अनेक जण टायरमधली हवा ३०-३२ पीएसआयवरून १८-२० पीएसआयपर्यंत उतरवतात. पक्क्या रस्त्याला लागण्याआधी मात्र ती पुन्हा भरावीच लागते. त्यासाठी गाडीत कायमचा बसवलेला एअर कॉम्प्रेसर, म्हणजेच ऑनबोर्ड कॉम्प्रेसर, कामी येतो. नेमका तोच बंद पडला तर?

हवा न भरता निघालो तर काय होईल?

कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते. त्यातून उष्णता तयार होते आणि वेग वाढला की ती झपाट्याने वाढते. मेहकरजवळून समृद्धी महामार्गावर चढणाऱ्या मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. जंगलवाटेसाठी उतरवलेल्या हवेवर या वेगाने धावणे म्हणजे टायर फुटण्याला आमंत्रण. त्यामुळे कॉम्प्रेसर ही केवळ हौसेची वस्तू राहत नाही.

दिलासा इतकाच, की कॉम्प्रेसर चालत नसेल तर मोटर जळालेलीच असते असे नाही. बऱ्याचदा तिच्यापर्यंत पुरेशी वीजच पोहोचत नसते.

वीज जाते कशी?

नीट केलेल्या वायरिंगमध्ये दोन वाटा असतात. पहिली जाड वायरची : बॅटरी, फ्यूज, रिले, कॉम्प्रेसर आणि तिथून बॉडी अर्थ. दुसरी बारीक वायरची : डॅशबोर्डवरचा स्विच, हवेची टाकी असल्यास प्रेशर स्विच आणि रिलेची कॉइल. एका मोटरचा कॉम्प्रेसर साधारण २० ते ३० अँपिअर करंट ओढतो, दोन मोटरचा त्याच्या जवळपास दुप्पट. एवढा भार डॅशबोर्डच्या स्विचने पेलत नाही, म्हणून रिले लागतो.

आधी लक्षण ओळखा

- स्विच दाबला, ‘टिक’ आवाजही नाही : बिघाड बारीक वायरच्या वाटेत. स्विच, प्रेशर स्विच किंवा रिलेची कॉइल.
- ‘टिक’ होते, मोटर फिरत नाही : मुख्य फ्यूज, रिलेचे संपर्क, जाड वायर किंवा अर्थ.
- मोटर फिरते, पण दमल्यासारखी : वायर बारीक किंवा जोड सैल.
- काही मिनिटांनी बंद, थंड झाल्यावर पुन्हा चालू : बहुधा मोटरमधला थर्मल कटऑफ.
- स्विच दाबताच फ्यूज उडतो : शॉर्ट सर्किट किंवा अडकलेली मोटर.

या ५ जागा तपासा

१. फ्यूज : फ्यूज उडाला असेल तर तो का उडाला ते आधी शोधा. कॉम्प्रेसरचा प्लग काढा, तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज लावा आणि स्विच दाबा. फ्यूज पुन्हा उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. पत्र्याच्या भोकातून जाणारी, सायलेन्सरजवळची किंवा उंदरांनी कुरतडलेली वायर आधी पाहा. फ्यूज टिकला तर संशय कॉम्प्रेसरवर जातो.

२. रिले : रिलेवर चार पिनांचे क्रमांक इंग्रजी अंकांत छापलेले असतात. ३० वर बॅटरीकडून येणारी वीज, ८७ वरून कॉम्प्रेसरकडे जाणारी, तर ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना. स्विच चालू असताना ३० वर १२ व्होल्ट दिसतात, ‘टिक’ही होते, पण ८७ वर काहीच नाही, तर रिलेचे संपर्क जळाले आहेत. गाडीत त्याच प्रकारचा आणि तेवढ्याच क्षमतेचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून लगेच खात्री होते.

३. अर्थ : बॉडीला बसवलेल्या थिंबलखाली रंग, गंज किंवा सुकलेला चिखल असेल तर वीज परतायला वाट उरत नाही. बोल्ट काढून जागा सँडपेपरने चकचकीत करा, थिंबल घट्ट बसवा आणि वरून ग्रीस लावा. ज्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असतो, तिथे अर्थ थेट टर्मिनलला न जोडता बॉडीवरच्या ठरलेल्या जागी जोडावा.

४. वायरची जाडी आणि जोड : कॉम्प्रेसर मागच्या डिकीत आहे, जाणारी ४ मीटर आणि परतीची ४ मीटर अशी एकूण ८ मीटर तांब्याची वायर आहे आणि करंट ३० अँपिअर आहे, असे धरू. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये सुमारे १.९ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ६ चौरस मिलिमीटरमध्ये ०.८ व्होल्ट, तर १० चौरस मिलिमीटरमध्ये ०.५ व्होल्टपेक्षा थोडे कमी. घरातल्या बोर्डासाठी आणलेली १.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर हाच आकडा ३ व्होल्टच्या पुढे जातो.

जोडांचे गणित आणखी बोलके आहे. पिळून टेप गुंडाळलेल्या जोडाचा रोध केवळ ०.०५ ओहम असला, तरी ३० अँपिअरला तिथे ४५ वॅट उष्णता तयार होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला साधा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. टेप वितळण्याचे कारण इथे कळते.

५. कटऑफ आणि प्रेशर स्विच : टाकी भरली की प्रेशर स्विच मोटर बंद करतो, तो बिघाड नव्हे. दाब कमी असूनही ‘टिक’ होत नसेल, तर गाडी बंद असताना प्रेशर स्विचची दोन टोके क्षणभर जोडून पाहा. कॉम्प्रेसर सुरू झाला तर दोष त्या स्विचचा. तपासणीनंतर जोड लगेच काढा; तसाच ठेवला तर टाकीतला दाब वाढत राहील. थर्मल कटऑफ वारंवार पडत असेल तर कॉम्प्रेसर इंजिनच्या उष्णतेजवळ बसवला आहे का, तेही पाहा. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असताना बोनेटखाली थंड व्हायला हवाच मिळत नाही.

एक मोजमाप, जे चुकवू नये

अनेकदा कॉम्प्रेसर बंद असताना मीटर लावले जाते, १२.६ व्होल्ट दिसतात आणि ‘वायरिंग ठीक आहे’ असा निष्कर्ष निघतो. पण करंट वाहत नसताना खराब जोडही चांगलाच दिसतो. म्हणून मोजमाप कॉम्प्रेसर चालू असतानाच घ्या. मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरे कॉम्प्रेसरच्या पॉझिटिव्हला लावा. मग हेच निगेटिव्ह बाजूला करा. कोणत्याही एका बाजूला ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर दोष त्याच वाटेत आहे. मग एकेक जोड ओलांडत मोजत जा. आकडा जिथे एकदम उडी घेतो, तिथेच बिघाड.

मोठा फ्यूज का लावू नये?

फ्यूज मुख्यतः वायरच्या संरक्षणासाठी असतो. ३० अँपिअरसाठी केलेल्या वायरिंगवर ६० चा फ्यूज लावला, तर गडबड झाल्यावर आधी वायर तापते, तिचे आवरण वितळते आणि मग आगीचा धोका निर्माण होतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणे त्याहून वाईट. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. तो कॉम्प्रेसरजवळ बसवला, तर बॅटरी ते फ्यूज ही सगळी वायर संरक्षणाशिवाय राहते.

हे लक्षात ठेवा

- जोड उघडण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा.
- चालू मोजमाप करताना हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नका.
- कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालवू नका. तिथला फ्यूज साधारण १० ते २० अँपिअरचा असतो.
- गाडीची मूळ वायर कापून जोड देऊ नका; वॉरंटीच्या अटी आधी वाचा.
- तेवढ्याच अँपिअरचे दोन फ्यूज, एक रिले आणि पायाने भरायचा पंप गाडीत ठेवा.

एवढे करूनही कॉम्प्रेसर सुरू झाला नाही, तर पंपाने जमेल तेवढी हवा भरा आणि जवळच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत गाडी हळू न्या. समृद्धीचा रस्ता टायरचा दाब मोजल्यानंतरच धरा.